आपत्तींचे शब्द, महिना चौथा: पूर आणि पुरण

आपत्तींची नावं आणि त्यांची मुळं मी चिठ्ठ्यांवर जमवतोय. मागच्या नोंदीत ४१ चिठ्ठ्या होत्या, आज ५८. वेग मंदावलाय, कारण एकाच शब्दात तीन आठवडे गेले. कुठला ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पूर.

पावसाळ्यात इथं ‘जेवलास का’च्या आधी ‘पाणी किती फुटावर?’ असं विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात आकडा ५५ च्या वर गेला आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पंचगंगा किती वेगानं वाहतेय, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. किती भरली, पात्राबाहेर पडली का, एवढंच. शब्दही तेच सांगतो. संस्कृत ‘पॄ’ म्हणजे भरणे. त्यातून पूर, पूर्ण, पौर्णिमा आणि पोळीतलं पुरण.

हिंदीतली ‘बाढ़’ ही ‘बढ़ना’तली, म्हणजे वाढणारी. इंग्रजी ‘फ्लड’ वाहणारा. ‘फ्लो’ त्याच्याच घरातला, आणि संस्कृतातला भाऊबंद ‘प्लु’, जो आपल्या जलप्लावनात बसलाय. मग ‘पूर’चा इंग्रजी भाऊबंद कोण? ‘फुल’, म्हणजे भरलेला! दोन्ही घराणी दोन्ही भाषांत नांदतात, पण संकटाला नाव देताना तिकडं वाहणं उचललं गेलं, इकडं भरणं. हे सापडलं त्या रात्री दोन रंगांची शाई काढून चिठ्ठी पुन्हा लिहिली. (बायकोनं विचारलं, लॉटरी लागली काय?)

आता फजिती. उत्साहाच्या भरात त्याच चिठ्ठीवर ‘कोल्हापूर’ही लिहून टाकलं. पुराचं गाव म्हणून पूर, किती छान! साफ चूक. गावाच्या नावातला मूळ शब्द ‘पुर’, ऱ्हस्व, म्हणजे नगर. त्याचं नातं ग्रीक ‘पोलिस’शी, त्याचाही अर्थ नगरच. मराठीत अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा उकार आपण सहसा दीर्घ लिहितो, म्हणून दोघं एकसारखे दिसतात. ‘कोल्हापुरात’ आणि ‘पुरात’ अशी रूपं केली तरी फरक कळत नाही, दोन्हीकडं ऱ्हस्वच होतं. नागपूर, सोलापूर जमवत असाल तर सांभाळा.

दुसरी दुरुस्ती मागच्या नोंदीतली. ‘तुफान’ मी वाऱ्याच्या गठ्ठ्यात टाकला होता. तो काढून पाण्याच्या गठ्ठ्यात ठेवलाय. अरबीत ‘तूफान’ म्हणजे जलप्रलय. कुराणातल्या नूहच्या गोष्टीतला पूर तो हाच. फारसीतून आपल्याकडं येईपर्यंत पाणी गळून वारा उरला, आणि आता तर वाराही नाही, नुसती ‘तुफान गर्दी’. इंग्रजी ‘टायफून’मध्ये हाच अरबी शब्द आणि चिनी ‘मोठा वारा’ असे दोन ओढे मिसळलेत.

‘सायक्लोन’ मात्र माझा सगळ्यात लाडका. वादळांचा अभ्यासक हेन्री पिडिंग्टन यानं कलकत्त्यात बसून १८४८ साली हा शब्द रूढ केला, ग्रीक ‘कुक्लोस’ म्हणजे वर्तुळ, त्यावरून. त्याच्या डोळ्यासमोर सापाचं वेटोळं होतं. आपण त्याचं ‘चक्रीवादळ’ केलं. भाषांतर करायला गेलो आणि रक्ताचं नातं निघालं, कारण ‘कुक्लोस’ आणि ‘चक्र’ एकाच मुळाचे. असं ठरवून होत नाही.

भूकंपाची चिठ्ठी कोरडीच राहिली. भू अधिक कंप. ग्रीक ‘सैस्मोस’ म्हणजेही हादरणं, इंग्रजीतही जमीनच थरथरते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या पहाटेबद्दल थोरांना विचारा, तेही ‘हादरलं’ एवढंच म्हणतात. त्सुनामीत निदान एक जागा आहे: ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. खोल समुद्रात जिचा पत्ता लागत नाही, ती बंदरात येऊन उभी राहते.

बेंदराच्या सणाला आईजवळ ओट्याशी उभा होतो. पुरण वाटून तयार, मी उंडे भरत होतो आणि ‘पूर’ची सगळी वंशावळ तिला ऐकवत होतो. तिनं माझ्या हातातला उंडा काढून घेतला, बोटानं थोडं पुरण परत पातेल्यात टाकलं आणि म्हणाली, “लई भरू नगंस. मावंल तेवढंच घाल. फुटलं म्हंजे तव्यावर सगळीकडं पसरतंय.”

ते वाक्य ‘पूर’च्या चिठ्ठीमागं तसंच उतरवलंय, हात न धुता. कोपऱ्यावर तुपाचा डाग पडलाय. पुढच्या खेपेला दरड आणि दुष्काळ घेतो.