वेबकॅमचे फोटो आपोआप उतरवताना

किनाऱ्यावरच्या एका वेबकॅमचा फोटो कायम एकाच पत्त्यावर असतो. दर पाच मिनिटांनी जुन्यावर नवा चढतो. ते साठवायचं काम तसं एका ओळीचं. कर्ल या वेबवरून फाइल उतरवणाऱ्या आज्ञेने फोटो उतरवायचा, नावात तारीख-वेळ घालायची, ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, टाकायची. टाकली. एकही फोटो आला नाही.

घोळ टक्क्याच्या चिन्हाचा होता. तारीख देणाऱ्या 'डेट' आज्ञेला वर्ष-महिना मागताना % लागतं आणि क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) उघडं % आलं की आज्ञा तिथेच तुटते. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ देता येते. मी मात्र सगळंच स्क्रिप्टमध्ये हलवलं आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता ठेवला.

मग फाइली येऊ लागल्या, पण मधूनच एखादी जेमतेम १ केबीची. फाइलचा प्रकार सांगणाऱ्या 'फाइल' आज्ञेने पाहिलं तर आत एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मजकूर! सर्व्हरने ४०४ ('सापडलं नाही') दिला तरी कर्ल ते पान जेपीजीच्या नावाने निमूट ठेवून देतो. 'फेल' पर्याय दिला की तो २२ हा त्रुटीचा कोड देऊन बाहेर पडतो. सोबत 'मॅक्स-टाइम' ३० सेकंद ठेवा, नाहीतर अडकलेल्या जोडण्या साचत जातात.

सर्वांत चिवट दुखणं अर्ध्या फोटोंचं. वर आकाश स्वच्छ, खाली नुसता करडा पट्टा. कॅमेरा फोटो चढवत असतानाच आपण तो उचललेला असतो. म्हणून क्रॉनची वेळ ०, ५, १०ऐवजी २, ७, १२ अशी सरकवली. शिवाय जेपीजीचे शेवटचे दोन बाइट एफएफ डी९ (फोटो संपल्याची खूण) आहेत का, हे फाइलचा शेवट दाखवणाऱ्या 'टेल' आज्ञेने तपासतो. काही कॅमेरे शेपटाला जादा बाइट जोडतात. तिथे ही चाळणी चांगले फोटोही फेकेल, तेव्हा आधी दोन-चार नमुने बघून घ्या.

फोटो आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने उतरवतो आणि तपासणीत टिकला तरच 'एमव्ही'ने खरं नाव देतो. कॅमेरा गोठला तर तोच फोटो पुन्हा येतो. 'सीएमपी'ने मागच्याशी ताडून तो टाकतो. फोटोवरच घड्याळ छापलेलं असेल आणि ते चालू असेल, तर हा उपाय फसतो.

नावातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवली आहे. एकही फोटो गळला नाही तर दिवसाचे २८८ होतात; एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने १२ सेकंदांची फिल्म.