आमची वाटचाल : भोसरीची शेड आणि दिल्लीतलं आयात शुल्क

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याची वाटचाल मशिनांच्या खरेदीवरून सांगावी की देशाच्या अर्थसंकल्पांवरून, असा प्रश्न पडतो. बहुतेक वर्षी दोन्हीचं उत्तर एकच निघतं, म्हणून अर्थसंकल्पांवरूनच सांगतो. त्यातही एका माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येईल. मनमोहन सिंग यांनी आमचं भलं केलं की वाटोळं, यावर आमच्या घरात तीस वर्षं वाद चालला आणि अजून मिटलेला नाही.

बाबांनी १९७९ मध्ये अर्धी शेड भाड्याने घेतली. एक जुना लेथ, पाठोपाठ दोन ट्रॉब (कॅमवर आपोआप चालणारे लेथ), आणि काम म्हणजे बेअरिंगच्या रिंगा टर्न करून, म्हणजे लेथवर फिरवून कापून देणं. माल ग्राहकाचा, मजुरी आमची. आयातीची धास्ती तेव्हा कुणालाच नव्हती. बाहेरून माल आणायचा तर आधी लायसन्स, आणि ते मिळालंच तर वरून शुल्क. काही वस्तूंवर ते ३०० टक्क्यांच्याही पुढे जायचं. लोक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे; मग रिंग थोडी इकडे-तिकडे झाली म्हणून कोण ओरडणार? बाबा त्या दिवसांना ‘सुखाचे दिवस’ म्हणतात. मी त्यांना आळसाचे दिवस म्हणतो.

१९९१ चा उन्हाळा मात्र वाईट गेला. परकीय चलन संपत आलं होतं, सोनं गहाण पडलं होतं आणि आयातीसाठी बँका मालाच्या किमतीच्या दुप्पट रोख मार्जिन मागत होत्या. लेथच्या टूलला लागणारे कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे कापणारे तुकडे, मिळेनासे झाले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि २४ जुलैला मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. त्या भाषणाच्या शेवटचं व्हिक्टर ह्यूगोचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. आमच्या कामाची गोष्ट त्याच्या बरीच आधी येऊन गेली होती : भारतीय उद्योगाला परदेशी स्पर्धेला तोंड द्यावं लागेल, पण टप्प्याटप्प्याने. कमाल शुल्क १५० टक्क्यांवर आणलं.

ही काही त्यांना तेव्हाच सुचलेली गोष्ट नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी संशोधनच भारताच्या निर्यातीवर केलं आणि १९६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्या मालाला बाहेर गिऱ्हाईकच नाही, म्हणून दारं लावून बसा, हा त्या काळचा सूर त्यांना तेव्हाच मान्य नव्हता. पुढे बरीच वर्षं सरकारी खुर्च्यांवर काढूनही मत शाबूत राहिलं, याचं मला कौतुक वाटतं.

भोसरीत कौतुक वगैरे कुणी करत नव्हतं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ‘आता तैवानचा माल येणार, शेडला कुलूप लावा’ एवढीच चर्चा. १९९३ मध्ये राहुल बजाज आणि इतर बड्या उद्योगपतींनी ‘बॉम्बे क्लब’च्या नावाने समान संधीची मागणी केली, तेव्हा आमच्याकडे हायसं वाटलं, शेजारच्या आकुर्डीचा माणूस आपल्या मनातलं बोलतोय म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. आमच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, व्याज अठरा टक्क्यांच्या वर, वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि स्पर्धा जपानी माणसाशी.

पण पायऱ्या बघा. १९९१ ला १५०, मग ११०, ८५, ६५ आणि १९९५ ला ५०. दर अर्थसंकल्पात एक पायरी खाली. पुढच्या वर्षी आणखी उतरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि म्हणूनच आम्ही वाचलो. संरक्षण जाणार हे ठरलेलं, पण आवराआवर करायला चार-पाच वर्षं हातात. बाबांनी १९९१ मध्ये एका सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं कोटेशन मागवलं होतं. शुल्क धरून आकडा मूळ किमतीच्या दुपटीच्या घरात गेला आणि कागद कपाटात पडला. १९९५ मध्ये तोच कागद बाहेर काढला, हिशेब बसला, आणि वापरलेलं जपानी मशीन न्हावा-शेवाहून भोसरीत आलं.

त्या मशिनने काय बदललं ते सांगायलाच हवं. ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाच्या नळीतून रिंग कापायची, बाहेरचा व्यास, आतला व्यास, दोन्ही कडांना चॅम्फर (तिरकस छाट). ट्रॉबवर दर थोड्या वेळाने सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, गेज लावून बघायचा, टूल झिजलं की हाताने सरकवायचा, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या रिंगा नेहमी जाड निघायच्या. ग्राइंडिंगसाठी म्हणून मग जास्तीचा माल सोडावा लागायचा. ग्राहक तो घासून फेकणार आणि आमच्या नावाने बोटं मोडणार. सीएनसीवर तो जास्तीचा माल निम्म्यावर आला. ईएन-३१ किलोवर मिळतं. रिंगेमागे वाचलेले काही ग्रॅम हाच आमचा भाव. त्याच जोरावर आम्ही जॉबवर्क सोडून स्वतःचा माल भरून रिंगा विकायला लागलो.

जाता जाता : दिल्लीने समुद्रावरचे नाके सैल केले, पण शहराच्या वेशीवरचा जकात नाका २०१३ पर्यंत हलला नाही. जपानचं मशीन बंदरातून सुटलं आणि जकात नाक्यावर अडकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता दुसरी बाजू. मनमोहन सिंग पंतप्रधान असताना कमाल शुल्क २००५ ला १५, मग साडेबारा आणि २००७ ला १० टक्क्यांवर आलं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार थायलंडच्या कराराची आहे. तो आधीच्या सरकारने २००३ मध्ये केला, पण १ सप्टेंबर २००४ ला लागू झाला तो यांच्या कारकिर्दीत. ८२ वस्तूंवरचं शुल्क दोन वर्षांत शून्यावर आणायचं होतं आणि त्या यादीत बॉल बेअरिंग होतं. तयार बेअरिंग बिनशुल्क येणार, आणि ते बनवायला लागणाऱ्या पोलादावर इथे शुल्क कायम. उलटी गंगा ती हीच. आमच्या मोठ्या ग्राहकाने परचेसच्या माणसाकरवी निरोप धाडला : थायलंडच्या भावाला द्या, नाहीतर ऑर्डर निम्मी. भाव परवडला नाही, ऑर्डर निम्मी झाली. शुल्क उतरवणारा माणूस जाणता अर्थतज्ज्ञ होता. कच्चा माल आधी आणि तयार माल नंतर, हा क्रम त्याच्या सरकारने पाळायला हवा होता. घरातल्या वादात बाबा हाच मुद्दा काढतात आणि मला गप्प बसावं लागतं.

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेला करार २०१० ला लागू झाला तोवर आम्ही बेअरिंगवरचा भार कमी करून ट्रॅक्टरच्या आणि हायड्रॉलिकच्या भागांकडे वळलो होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला तेव्हा भोसरीत पेढे वाटले गेले. मी खाल्ले, पण फार खूश नव्हतो.

मग २०२५. आमचे काही भाग पुण्यातल्या एका निर्यातदारामार्फत अमेरिकेत जातात. डोनाल्ड ट्रम्प यांचं मतही जुनंच, १९८७ मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन इतर देश अमेरिकेला लुटताहेत असं सांगण्याइतकं. फरक पद्धतीत. २ एप्रिलला भारतावर २६ टक्के जाहीर, आठवड्यात स्थगिती, ७ ऑगस्टला २५, आणि रशियाच्या तेलावरून २७ ऑगस्टला आणखी २५. मोटारीच्या भागांवर तेव्हा २५ टक्के, पण ट्रॅक्टरच्या भागांवर ५०. एकाच लेथवरून उतरलेले दोन भाग, वेगवेगळ्या खोक्यांत. यावर मशीन कसलं घेणार? पॅक झालेला माल निर्यातदाराच्या गोदामात पडून राहिला आणि आम्ही दुसरी पाळी बंद केली. सेटर लोकांना मात्र सोडलं नाही. ते गेले की परत मिळत नाहीत.

ब्रिटनशी करार झाला तो २४ जुलै २०२५ ला, म्हणजे बरोबर त्या अर्थसंकल्पाच्या तारखेला. याद्यांची पानं घरी आणली तर बाबांनी चष्मा लावून सगळ्यात आधी आपण उतरवणार असलेल्या शुल्काची यादी मागितली आणि त्यात दोनच ओळी शोधायला लागले : तयार बेअरिंग कितव्या वर्षी शून्यावर येतं, आणि पोलादाची नळी कितव्या.