आमची वाटचाल: घड्याळाखालची बेसप्लेट

उपग्रह कक्षेत पोहोचला की कौतुक त्यातल्या आण्विक घड्याळाचे होते. ते घड्याळ ज्या बेसप्लेटवर बसते तिची दखल कुणी घेत नाही, आणि आमच्या कारखान्याची सारी पत त्या बेसप्लेटवरच उभी आहे.

दिशादर्शक उपग्रहाचे घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकले तर अंतरात सुमारे 30 सेंटिमीटरची चूक येते, आणि रुबिडियम घड्याळाची, म्हणजे रुबिडियमच्या अणूंवर चालणाऱ्या आण्विक घड्याळाची, लय तापमानाबरोबर सरकते. अवकाशात हवा नसल्यामुळे त्याची उष्णता मुख्यतः धातूच्या स्पर्शातूनच उपग्रहाच्या पॅनेलकडे जाते, म्हणून सपाटीतला मायक्रॉनचा फरकही महत्त्वाचा ठरतो. आमचे पहिले भागीदार मूळचे फिटर. ते प्रत्येक प्लेट ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर निळा रंग लावून टेकवून उंचवटे पाहत आणि मगच सीएमएमवर, म्हणजे अचूक मोजमापाच्या यंत्रावर, पाठवत. कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक कूस, ते भिंगाखाली काढत, कारण भारहीन अवस्थेत सुटलेला धातूचा कण तरंगत जाऊन सर्किट शॉर्ट करू शकतो.

2013 मध्ये भारताचा दिशादर्शक उपग्रह आयआरएनएसएस-1ए अवकाशात गेला. पुढची काही वर्षे कामात सरली. 31 ऑगस्ट 2017 रोजी पीएसएलव्ही-सी39 या रॉकेटचे उष्णताकवच वेगळे झाले नाही आणि त्याच मालिकेतला आयआरएनएसएस-1एच आतच अडकला. त्याच सुमारास एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या निम्म्या दराने निविदा भरली आणि मुख्य कंत्राटदाराने केवळ एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, म्हणून काम त्याच्या पदरात टाकले. आमचे मिलिंग सेंटर बँकेकडे तारण होते, हप्ते थकले, एक पाळी बंद करावी लागली, आणि भागीदारांनी आपला वाटा न उचलता कामगारांचे पगार भागवले. पुढे प्रतिस्पर्ध्याच्या प्लेटा तपासणीत सपाटीवर नापास झाल्या, तेव्हा त्याच कंत्राटदाराने त्या पडेल दरात नव्या प्लेटा आमच्याकडे मागितल्या. आम्ही आमच्याच दराने दिल्या. झाल्या अन्यायाबद्दल चकार शब्द मात्र आजवर ऐकलेला नाही.

29 मे 2023 रोजी जीएसएलव्ही-एफ12 रॉकेटने एनव्हीएस-01 हा दिशादर्शक उपग्रह अवकाशात नेला. त्यात देशात घडवलेले रुबिडियम घड्याळ होते, आणि भागीदारांनी घालून दिलेल्या शिस्तीचे त्या दिवशी चीज झाले, असे आम्ही मानतो.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीव खेपेचा क्रमांक, मालाशी जुळवल्याशिवाय ॲल्युमिनियम कापू नये, आणि रफ मशीनिंगनंतर धातूतला ताण काढल्याशिवाय फिनिश कट घेऊ नये, कारण प्लेट पकडून ठेवणारा क्लॅम्प सोडताच ती वाकते. सपाटी क्लॅम्पमध्ये मोजायची की मोकळ्या अवस्थेत, हे निविदेतच लेखी मागून घ्यावे. त्या प्रतिस्पर्ध्याने अहवालात क्लॅम्पमधलीच मापे लिहिली होती.