औट म्हणजे साडेतीन

शाळेने लावलेली एक सवय अजून रोज उपयोगी पडते: वाक्प्रचार नुसता पाठ करायचा नाही, फोडून पाहायचा. विसरलेले शब्द सापडण्याचा खरा आनंद त्यातच आहे, म्हणून स्मरणिकेत त्याविषयीच लिहितो. हे शब्द लांब गेलेले नसतात. आपण बोलतो त्या वाक्प्रचारांतच ते अडकून बसलेले असतात.

'औटघटकेचे राज्य' घ्या. घटका म्हणजे २४ मिनिटे, ६० घटकांची एक दिवसरात्र. 'औट' मात्र एकटा भेटत नाही, म्हणून पटकन क्रिकेटमधला 'आउट' आठवतो आणि चुकीचा अर्थ मनात बसतो. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धा. प्राकृतात त्याचे 'अद्धुट्ठ' झाले आणि झिजत झिजत मराठीत 'औट' उरले. जुन्या शाळांत पावकी-निमकी या पाव-अर्ध्याच्या पाढ्यांबरोबर साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकीही घोकून घेत. आता गुणाकार करा: औट घटका म्हणजे ८४ मिनिटे. दीड तासही न टिकणारे राज्य! इतके नेमके माप त्या वाक्प्रचारात दडलेले आहे.

'पैशाला पासरी' मधली पासरी म्हणजे पाच शेर. 'पसरणे'शी तिचा संबंध नाही. 'तोळामासा' प्रकृतीत १२ माशांचा एक तोळा. 'गाशा गुंडाळणे' यातला गाशा खोगिरावर घालायचे कापड.

शोधताना आधी विभक्ती सोडवा: 'घटकेचे' नव्हे, 'घटका' पाहा. मग मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. इथे बहुतेक जण अडखळतात ते लेखनामुळे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण कोश त्याआधीचे. संगणकावर 'मापटे' टाकले आणि काही आले नाही, तर 'मापटें' टाका. 'कवी' नसेल तर ऱ्हस्व 'कवि'. शब्दच नाही असे ठरवण्याआधी एवढे करायलाच हवे.

अर्थ मिळाला तरी तो दुसऱ्या प्रयोगावर घासून पाहावा. संतवाङ्मयात देहाला 'औट हात' म्हणतात. साडेतीन हातांचा देह तिथे चपखल बसतो, 'आउट' बसत नाही. वहीत शब्द एकटा टिपू नये, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि लिंगही लिहावे. सुट्टा टिपलेला शब्द महिन्याभराने परका वाटतो.

काही शब्दांना मात्र कोश पुरत नाही, कृती पाहावी लागते. 'सव्यापसव्य' म्हणजे खटाटोप एवढे सगळ्यांना ठाऊक असते. जानवे डाव्या खांद्यावर असते तेव्हा सव्य, उजव्या खांद्यावर घेतले की अपसव्य. देवांसाठी सव्य, पितरांसाठी अपसव्य, आणि श्राद्धाचे विधी संपेपर्यंत ते जानवे पुन्हा पुन्हा या खांद्यावरून त्या खांद्यावर.