सारंगागार

आमच्या नागपूरच्या वसाहतीत कोपऱ्यावर एक जुनी चिंच आहे आणि पावसाळा लागला की तिच्यावर गायबगळे घरटी करतात. एरवी पांढरेशुभ्र दिसणाऱ्या या पक्ष्यांच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर विणीच्या दिवसांत नारिंगी पिसे येतात. पण खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर विष्ठेचा सडा पडू लागला की तो रंग पाहायला कोणी मान वर करत नाही. तीन वर्षांपूर्वी ऐन जुलैमध्ये झाड छाटायचे ठरले. घरट्यांना किंवा अंड्यांना धक्का लावणे हेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारच ठरते, असे मी बैठकीत सांगितले. मंडळी आणखीच चिडली.

तेवढ्यात शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी विचारले, "बगळ्यांच्या अशा वसाहतीला मराठीत काही शब्द आहे का हो?"

"आहे ना, काकाजी. सारंगागार. मारुती चितमपल्लींनी रूढ केलेला."

त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग घरून चितमपल्लींचे एक जीर्ण पुस्तक आणून त्यांनी त्यातली दोन पाने वर्गात वाचावीत तशी सावकाश वाचली. छाटणी दिवाळीनंतर करायचे ठरले आणि गाड्या पलीकडच्या भिंतीलगत गेल्या. एक गृहस्थ मात्र अजूनही गाडी तिथेच लावतात, तिच्यावर ताडपत्री घालतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.

निसर्गलेखनाने जंगल वाचते का, असे मला कोणी विचारले तर मला ही बैठक आठवते. ज्याला नाव नाही, ते आपल्या लेखी झुडूप असते, पाखरू असते किंवा नुसती घाण असते. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध आणि मेळघाटात राहिलेल्या आणि निवृत्तीनंतर कित्येक वर्षे आमच्या नागपुरातच वास्तव्य केलेल्या चितमपल्लींनी मराठी वाचकाच्या हाती ही नावे दिली, आणि ती देताना नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका वनाधिकाऱ्याला मिळाले, ते मला म्हणूनच उचित वाटते. जून २०२५ मध्ये ते गेले.

सगळ्याच लेखनाने हे साधते असे मात्र नाही. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगले हाकेच्या अंतरावर असल्याने इथे वाघावर लिहिणारे पुष्कळ आहेत (एके काळी मीही त्यांतलाच होतो), पण त्यातल्या बहुतेक लेखांनी सफारीच्या जिप्सी गाड्यांची रांग वाढवली, एवढेच म्हणता येईल. ज्या गवतावर चितळ जगतात आणि चितळांवर वाघ, त्या गवताचे नाव त्यांत क्वचितच सापडते.

परवा ताडपत्रीवाल्या गृहस्थांनी मला फाटकाशी थांबवले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

"पाऊस लागून आठवडा झाला," ते म्हणाले. "तुमचे बगळे अजून आले नाहीत?"