एका हातात चार राण्या

टेबल क्रमांक सहाच्या तक्त्यात ६० डावांपैकी ७ डावांत चारही राण्या एकाच हातात आल्या होत्या. टेबल तीनवर २१ डावांत चौघांना एकेक. तक्ते तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी दोन्हींवर लाल पेनाने गोल केला आणि म्हणाले, "हे आकडे बसून लिहिलेत."

वडोदऱ्यातल्या एका महाविद्यालयातलं संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. श्रावण चालू होता. सातम-आठम जवळ आली की इथे घरोघरी पत्ते बाहेर निघतात, म्हणून कॅट मुलांनीच आणले होते. आठ टेबलं, टेबलाला चारजण. ५२ पानं पिसायची, तेरा-तेरा वाटायची आणि कोणाकडे किती राण्या आल्या ते लिहायचं, एवढंच काम.

अपेक्षित उत्तर फळ्यावर होतं. चार राण्या ५२ जागांपैकी कुठल्याही चार जागी बसू शकतात, असे प्रकार २,७०,७२५. त्यातले २८,५६१ प्रकार चौघांना एकेक राणी देतात, म्हणजे १०.५५ टक्के. चारही एकाच्या हातात जातात असे प्रकार फक्त २,८६०, म्हणजे १.०६ टक्के. सगळ्यात जास्त वेळा येणारी वाटणी दोन-एक-एक-शून्य, ५८.४३ टक्के. तीन-एक १६.४८ आणि दोन-दोन १३.४८. म्हणजे ६० डावांत चौघांना एकेक साधारण सहा वेळा यायला हवं, आणि चार राण्या एकाच हातात एकदाही आल्या नाहीत तरी नवल नाही. सात वेळा किंवा त्याहून जास्त येणं सुमारे तीन लाखांत एकदा.

बसून लिहिल्याचा आरोप मला पटला नाही. खोटे आकडे लिहिणारा मुलगा अपेक्षेला चिकटून लिहितो. सहाच्या जागी पाच नाहीतर सात. एकवीस लिहायची छाती कोणाची होत नाही.

आधी पानं मोजली. मोजायची सोपी रीत म्हणजे चार ओळी आणि तेरा उभे रकाने मांडायचे; भोक लगेच दिसतं. टेबल दोनच्या कॅटात किलवरची राणीच नव्हती. तिथे राणी निघण्याची शक्यता तेरात एक नाही, ५१ पानांत तीन, म्हणजे सतरात एक. टेबल सातवर दोन्ही जोकर पिसण्यात गेले होते. टेबल चारवर घोळ भाषेचा. गुजराती घरातल्या मुलाने 'काळी राणी' लिहिलं ते इस्पिकची या अर्थाने, कारण गुजरातीत इस्पिक म्हणजे काळी आणि किलवर म्हणजे फुल्ली. शेजारच्या मराठी मुलीने त्यात किलवरचीही धरली, ती काळीच असते म्हणून. इस्पिकची राणी ओळखायची खूण चित्रातच आहे: नेहमीच्या इंग्रजी धाटणीच्या कॅटात चारही राण्यांच्या हातात फूल असतं, पण राजदंड फक्त हिच्याकडे.

टेबल पाचवर कोणाच्या तरी काकांनी पॅरिसहून आणलेला कॅट होता. "मॅडम, ह्यात राणीच नाही, डी आहे." डी म्हणजे दाम, फ्रेंचमधली बाईसाहेब. चौघींना नावंही छापलेली: इस्पिकची पॅलस, बदामची ज्युडिथ, चौकटची राशेल आणि किलवरची आर्जिन. पॅलस ही ग्रीकांची युद्धदेवता, मधल्या दोघी बायबलातल्या. आर्जिन मात्र कोणीच नाही. 'रेजिना' म्हणजे लॅटिनमधली राणी, तिचीच अक्षरं उलटसुलट केलेली. राणी पत्त्यांत आली तीच मुळात युरोपात. इजिप्तच्या मामलुक पत्त्यांत राजा आणि दोन नायब होते. स्पॅनिश कॅटात राजाखाली घोडेस्वार, जर्मन कॅटात ओबर आणि उंटर, म्हणजे वरचा आणि खालचा सरदार. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग, रंगात बारा, अशी १२० गोल पानं, आणि चित्रांत राजा नि प्रधान. तिथे राणीची शक्यता शून्य, गणित करायचंच कारण नाही.

एवढं सगळं निस्तरलं तरी तीन आणि सहाचं कोडं सुटेना. दोन्ही कॅट पुरे ५२ चे, जोकर काढलेले. मग त्यांना सांगितलं, पुन्हा खेळा, मी फक्त हात बघते.

तिसऱ्याच डावाला उलगडा झाला. डाव वाटून झाला की लिहिणारी मुलगी मोजायला सोपं म्हणून चारही राण्या काढून समोर ठेवायची. बाकीची पानं गोळा व्हायची, राण्या त्यांच्यावर एकत्र ठेवल्या जायच्या, आणि हातातल्या हातात पाच-सहा वेळा पिसून पुढचा डाव. असं पिसताना पानं झुबक्या-झुबक्याने सरकतात. लगतची पानं बऱ्याचदा लगतच राहतात. चौघी एका झुबक्यात गेल्या की गेल्या.

दोन्ही टेबलांवर चूक एकच, निकाल मात्र उलटे. टेबल तीन एकेक पान वाटत होतं. लागोपाठची चार पानं चौघांना एकेक जाणार, यात चुकायला जागाच नाही. टेबल सहावरची मुलं वसतिगृहात मेंढीकोट खेळणारी. त्यांचा हात आपोआप पाच-चार-चार वाटत होता, म्हणजे प्रत्येकाला आधी एकदम पाच पानं, मग चार, मग पुन्हा चार. पाचच्या वाट्यात झुबका पाचपैकी कुठल्याही जागी सुरू होऊ शकतो, त्यातल्या दोन जागी चारही राण्या एकाच वाट्यात मावतात. चारच्या वाट्यात चारपैकी एका जागी.

इथे पुस्तकातला एक नियम अंगाशी आला असता. आलेले आकडे अपेक्षेशी जुळतात का ते बघणाऱ्या काय-वर्ग चाचणीत अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असेल तर तो रकाना शेजारच्यात मिळवायचा. चार-शून्यची अपेक्षा ०.६३, म्हणून ती तीन-एकमध्ये मिळवली की सहाव्या टेबलाचा आकडा १६ होतो, अपेक्षा साडेदहा. काहीच विशेष दिसत नाही. सात डावांची गोष्ट त्या बेरजेत गडप.

उपाय म्हणून एकाने सुचवलं, राण्या तेरा-तेरा पानांच्या अंतराने खोचू. तीही फसवणूकच, उलट्या बाजूची. यदृच्छा म्हणजे समान अंतर नव्हे. शेवटी ठरलं ते असं. राण्या काढायच्या नाहीत, हातात पंखा धरूनच मोजायच्या. पानं पालथी टेबलावर पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर घोळायची. मग कॅटाचे दोन भाग करून अंगठ्याने पानं सोडत एकमेकांत गुंफायचे, सात वेळा. हा सातचा आकडा बेयर आणि डायकॉनिस या गणितज्ञांच्या १९९२ च्या कामातला. हातातल्या हातात पिसून तेवढंच साधायचं तर हजारो वेळा पिसावं लागेल, आणि तास पन्नास मिनिटांचा. गुंफताना नवे गुळगुळीत पत्ते घसरतात आणि जुने कोपरे मुडपलेले चिकटतात. मधल्या वयाचा कॅट सगळ्यात बरा.

सगळ्या टेबलांनी पुन्हा ६० डाव टाकले. सहावर चारही राण्या एका हातात एकदा आल्या, तीनवर चौघांना एकेक आठदा. जुने दोन तक्ते फाडू दिले नाहीत. लाल गोलाशेजारी 'राण्या वर एकत्र. एकेक वाटप' आणि 'राण्या वर एकत्र. पाच-चार-चार वाटप' असं लिहून जर्नलला टाचले.