तुम्ही विचारलंत म्हणून: चाळिशीत स्प्लिट, म्हणजे पाय पूर्ण पसरून जमिनीवर टेकणं, जमतो का, आणि किती दिवसांत?

जमतो. पण दिवसांचा हिशेब सोडा, महिन्यांचा धरा. काहींना वर्षही लागतं. ‘तीस दिवसांत स्प्लिट’वाले व्हिडिओ बहुधा आधीच लवचीक असलेल्यांचे असतात.

पुढे-मागे पाय पसरण्याचा स्प्लिट म्हणजे आपलं हनुमानासन. त्यात बहुतेक जण पुढच्या पायाच्या मांडीमागच्या शिरा ताणत बसतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं घोडं अडतं ते बरेचदा मागच्या पायाच्या जांघेत. पलंगाच्या अगदी कडेला बसून पाठीवर आडवे व्हा, एक गुडघा छातीशी घट्ट धरा, दुसरा पाय खाली सैल सोडा. सोडलेली मांडी अधांतरीच राहिली, तर आधी जांघेवर काम करायचं.

सहा-आठ सूर्यनमस्कारांनी अंग तापवा. मग एक पाय पुढे, मागचा गुडघा घडी घातलेल्या चादरीवर. इथे नुसतं पुढे झुकून उपयोग नाही. कंबरेत बाक येतो आणि जांघ तशीच राहते. माकडहाड खाली-आत घ्या, मागच्या पायाकडचा कुल्ला आवळा. लगेच जांघेत ओढ जाणवेल. पाऊण ते एक मिनिट, प्रत्येक बाजूला तीनदा.

आता कंबर मागे, मागच्या गुडघ्याच्या बरोबर वर आणा आणि पुढचा पाय सरळ करा. पाठ गोल न करता वाका. टाच जमिनीत रुतवून स्वतःकडे ओढल्यासारखा जोर सहा-सात सेकंद लावा, श्वास सोडत ढिले व्हा, टाच बोटभर पुढे सरकवा. असं चारदा. हा जोर टाळू नका. नुसत्या ताणाने पाय लांब जातो, पण तिथे ताकद नसेल तर शरीर घाबरून स्नायू आवळूनच धरतं.

शेवटी पूर्ण आसन: दोन्ही हातांखाली ठोकळे, पुढच्या मांडीखाली लोड किंवा चादरींची चळत. भार त्यावर टाकायचा, लोंबकळायचं नाही. दर काही आठवड्यांनी एकेक चादर काढा. फरशीवर मोजे घालून करू नका, पाय सटकन निसटतो. उठताना हातांवर भार घेऊन मागचा गुडघा आत ओढा.

फसवणूक होते ती मागच्या पायात. कंबर समोर न राहता मागच्या पायाच्या बाजूला वळली की माणूस चटकन खाली बसतो आणि फोटोही छान येतो. ओळखायची खूण करंगळी: मागच्या पायाच्या करंगळीचं नख जमिनीला टेकलंय का बघा. पाऊल आडवं पडलं असेल तर दोन चादरी परत वर.

दुखण्यातही फरक असतो. मांडीच्या मध्यावरची ओढ चालेल. बसायच्या हाडापाशी टोचलं तर तिथेच थांबा. स्नायूचा कंडरा तिथे हाडाला जोडलेला असतो, तो दुखावला की महिनोन्‌महिने छळतो. गुडघ्यामागे किंवा पोटरीत मुंग्या आल्या आणि चवडा पुढे ताणताच कमी झाल्या, तर ताण नसेवर येतोय. पाय थोडा मागे घ्या.

आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे, शक्यतो संध्याकाळी. सकाळी अंग आखडलेलं असतं.

दोन्ही बाजूंना पाय फाकवण्याचा स्प्लिट मात्र वेगळा. तिथे खुब्याच्या हाडाची ठेवण आडवी येते. ताण मांडीच्या आत न येता खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हाड अडल्यासारखं वाटलं, तर कंबर पुढे कलवून, गुडघे छताकडे ठेवून बघा. तरीही अडलं तर जोर लावू नका. हाड ताणता येत नाही.